प्रीतीचं पांघरूण

जिताडा आणायचा म्हणजे आणायचाच, असं मैनाबाईनं शनिवारीच जाहीर करून टाकलं होतं. जावई इतक्या वर्षांनी घरी जेवायला बसणार आणि त्याच्यापुढं काय ठेवायचं, ब्रॉयलर? लोक तोंडात शेण घालतील.

"आय, तो जावई म्हनून येतोय का, ते अजून ठरलं नाय," आशालता म्हणाली होती.

"ठरलं नाय तं ठरंल. मासा फ्रिजात राहतो."

आता रविवारची दुपार होती. कळंबोलीच्या भाड्याच्या गाळ्यात भरणारी ख्रिस्ती भक्ती आटोपून सगळे रोडपालीच्या घरी आले होते, आणि मैनाबाई ओट्यापाशी उभी राहून त्या जिताड्याच्या डोक्याकडे प्रेमानं बघत होती. डोकं जावयाच्या ताटात. ते तिनं मनात केव्हाच वाढून टाकलं होतं.

तिला दोष तरी कसा द्यावा? पंचाहत्तरी गाठलेली बाई. रात्री कूस बदलली की पहिला विचार यायचा तो थोरल्या लेकीचा. धाकट्या कुंदनचं ठीक होतं, त्याला बायको होती, गिटार होती, चर्चची मंडळी होती. आशीचं काय? आपण दोघं गेल्यावर आशीला ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवणार? आणि अशात हरेश, आशीला टाकून गेलेला नवरा, परत आला. तीन रविवारांपूर्वी तो भक्तीला येऊन शेवटच्या खुर्चीत बसला आणि पहिल्याच गाण्याला ओक्साबोक्शी रडला. ट्रेलर चालवणारा धिप्पाड माणूस, पार चिपाड झालेला. कुंदननं गाणं अर्ध्यावर सोडलं, गिटार खाली ठेवली आणि जाऊन त्याला मिठी मारली. मंडळीतल्या निम्म्या बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. मैनाबाई त्यात पहिली.

हरेश का गेला, हे सगळ्या रोडपालीला पाठ होतं. दारूपायी गेला. गुजरातला ट्रेलर घेऊन गेला तो तिकडचाच झाला. फोन नाही, चिठ्ठी नाही. बाई-बिई काही नाही, बाटलीनंच खाल्ला त्याला, असं मैनाबाईच्या नवऱ्यानं, गणूशेठनं, तेव्हा चारचौघांत सांगितलं होतं, आणि गणूशेठ म्हणजे मंडळीचा वडील, पास्टरच्या खालोखाल मानाचा कारभारी. त्याच्या शब्दाला पावती मागायची पद्धत नव्हती.

पुढचा कार्यक्रम कुंदननं ठरवला होता. येत्या रविवारी हरेश आणि ताईनं मंडळीसमोर उभं राहून लग्नाची वचनं पुन्हा घ्यायची. केवढी मोठी साक्ष! केकची ऑर्डर गेली होती. बॅनरचं मात्र घोडं अडलं होतं, कारण दोघांचा एकत्र फोटो म्हणजे लग्नातलाच, आणि त्यात हरेशला एवढाल्या मिश्या होत्या.

"ताईला विचारलंस का?" समृद्धीनं नवऱ्याला विचारलं होतं.

"अगं, ताई इतकी वर्षं थांबली कशासाठी? यासाठीच ना?"

यावर समृद्धी गप्प बसली, पण तिचं गप्प बसणं कुंदनला बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं. ती नगरकडची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. आजोबा गावोगाव उपदेश करत हिंडलेले. सासरचे लोक मात्र कालपरवा विश्वासात आलेले आगरी. त्यांचा उत्साह असा, की समृद्धीला कधीकधी वाटायचं, हे शास्त्र वाचत नाहीत, अंगावर ओतून घेतात.

आता ती स्वयंपाकघरात आली तेव्हा आशालता तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. पनवेलच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढणारे तिचे हात. लहान मुलंसुद्धा तिच्याकडे दंड पुढं करायची, कारण दुखायचंच नाही. भाकरीसुद्धा तशीच फिरत होती, कुठं चीर नाही. मैनाबाई ताटं पुसायला बाहेर गेली तशी समृद्धीनं हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा. तुमच्या मनात काय आहे?"

"मनात?" आशालता हसली. "माज्या मनाला आजच बरे पाहुणे यायला लागले. सकाळपासून तू चौथी."

"थट्टा नको ना."

आशालतानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "मी हो म्हननार हाय."

"प्रेम आहे म्हणून?"

"प्रेम कुठं राहिलंय गो? तो यायच्या आधी त्याचं तोंड आठवायला मला जुना फोटो काढावा लागायचा." ती जरा थांबली. "जीवनचं तुला ठावकी हाय ना?"

समृद्धीला अर्धवट ठाऊक होतं. ती या घरात येण्याआधीची गोष्ट. जीवन उरणच्या बंदरात क्रेन चालवायचा. विश्वासी, बायको बाळंतपणात गेलेली. हरेश जाऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा तो आपल्या मावशीला घेऊन रीतसर आशालतेला मागायला आला होता. गणूशेठनं शास्त्र उघडून मांडीवर ठेवलं आणि सांगितलं: नवरा जिता असताना बाईनं दुसरा केला तर तो व्यभिचार. तिचाही आणि करून घेणाऱ्याचाही. नवऱ्यानं बाहेर तोंड घातलं असतं तर गोष्ट वेगळी होती, पण तसं काही नाही. तेव्हाच्या पास्टरनीही मान डोलावली. विषय संपला.

"नकार सांगायला मीच गेल्ते," आशालता म्हणाली. "एस्टी स्टँडसमोर उसाचा रस प्यायलो. म्हनजे त्यानंच प्यायला, माझा पन. मला घोट उतरत नव्हता. तो बोलला, मी थांबतो. मी बोलले, कशासाठी थांबशील? तो मरावा म्हनून?" भाकरी फुगली, तिनं ती उतरवली. "त्या दिवसापासून मी हरेशसाठी रोज प्रार्थना केली, समू. जगू दे त्याला, म्हनून. प्रेमानं नाय, भीतीनं. तो मेल्याची खबर आली आन मला आनंद झाला तं मी देवाला तोंड काय दाखवू?"

"आणि जीवन?"

"त्यानं वाट बघितली बरीच. मंग केलं लग्न. दोन पोरी हायेत, बायको चांगली हाय." हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. "आता हरेश आलाय. मी नाय म्हनले, तं मंग मी थांबले कशासाठी? जीवनला घालवलं कशासाठी? सांग ना. त्याला घरात घेतलं तं निदान त्या वर्षांना काय तरी अर्थ राहील. देवानं जोडलं ते माणसानं सोडवायचं नाय. मी नाय सोडवलं. एवढं तरी माज्या नावावर राहू दे."

समृद्धीला खूप बोलायचं होतं. बोलली फक्त एवढंच, "ताई, तुम्ही म्हणाल तिकडे मी." आणि भाकऱ्यांचा डबा उचलून बाहेर गेली.

बाहेर गणूशेठ टेबलाच्या टोकाला बसला होता आणि त्याला घाम फुटला होता. पंखा डोक्यावर होता तरी.

तीन आठवडे तो हरेशला टाळत होता. जावई डावीकडून आला की हा उजवीकडून चप्पल घालायचा. एकदाच गाळ्याच्या जिन्यात दोघं समोरासमोर आले, तेव्हा गणूशेठ घाईघाईनं म्हणाला, "जुनं उकरू नको बाबा. झालं गेलं गंगेला मिळालं." मंडळीचा वडील असून गंगा आलीच तोंडात! सवय का अशी जाते? हरेशनं त्याच्या पायांना हात लावला. त्याला वाटलं, मामांनी क्षमा केली.

गणूशेठ वाईट माणूस नव्हता. हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढं जे झालं त्यावरून कुणालाही तसं वाटेल. मिठागरात उघड्या पायांनी वाढलेला माणूस. जमिनी गेल्या, पैसा आला, आणि आजूबाजूची पोरं पैशापायी वाया जाताना यानं तो सांभाळला. त्याची आई ठमाबाई प्रार्थनेनं बरी झाली तेव्हा सगळं घर विश्वासात आलं. भावकीनं वाळीत टाकायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि आशीचं लग्न हे त्यांच्या घरातलं पहिलं ख्रिस्ती लग्न. हळद नाही, लग्न लावणाऱ्या धवलारणी नाहीत, त्यांची धवल्याची गाणी नाहीत. भावकीतल्या बायका मांडवाबाहेर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "गाण्याबिगर लगीन म्हनजे मयताचा जेवन. बघू किती टिकतंय ते." ते वाक्य गणूशेठच्या काळजात काट्यासारखं राहिलं होतं. टिकवून दाखवीन, असं त्यानं तेव्हाच ठरवलं होतं. नांदायचं होतं पोरीला आणि टिकवायचं होतं याला!

"बाबा, प्रार्थना करा ना," कुंदन म्हणाला.

गणूशेठनं प्रार्थना केली. इतकी लांब केली की आमटीवर साय आली. पास्टर उदयसिंह वसावे शांतपणे डोळे मिटून बसले होते. नंदुरबारकडचा माणूस, कमी बोलणारा, या मंडळीत येऊन त्याला तीन-चार वर्षंच झाली होती. शेवटी आमेन झालं.

सगळे बसले. मैनाबाईनं जिताड्याचं डोकं मोठ्या इतमामानं हरेशच्या ताटात ठेवलं.

पास्टर म्हणाले, "जेवण्याआधी एक बोलतो. आशाताई, पुढच्या रविवारचं सगळे बोलत आहेत, पण तुमच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. मंडळी तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही. समेट ही चांगली गोष्ट आहे, पण ती धरून-बांधून होत नाही."

"पास्टर, ताईचं फिक्स आहे," कुंदन म्हणाला.

"तिला बोलू दे की," समृद्धी म्हणाली. कुंदननं बायकोकडे डोळे वटारले. कानामागून आली आणि तिखट झाली, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

आशालता हात पुसत दारात उभी होती. "मी तयार हाय," ती म्हणाली.

मैनाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "प्रभूची स्तुती असो! खा रे बाबा, खा. डोकं तुलाच हाय."

हरेशनं मात्र ताटाला हात लावला नाही. त्यानं मान खाली घातली होती. बराच वेळ काहीतरी जुळवत असल्यासारखा बसला आणि मग म्हणाला, "मामी, एक इचारायचं व्हतं. माज्या पोराचं मंग कसं करायचं?"

"कुनाच्या पोराचं?" मैनाबाईनं विचारलं. हातातला चमचा तसाच.

"दीपेशचं. करंज्याला आजीकडं हाय तो. रंजिता गेली, तिची आयबी आता थकली. तो मोठा हाय, त्याचं तो करतो सगळं. पन इथं आनला तं..." त्यानं आशालतेकडे बघितलं. "तुला चाललं तरच. मी तुझ्यावर लादनार नाय."

सगळे आपल्याकडे असे का बघताहेत, ते हरेशला कळेना. तो घाबऱ्या घाबऱ्या पास्टरकडे, मग पुन्हा बायकोकडे बघू लागला.

"तुला तं सगळं ठावकी हाय ना?" तो म्हणाला.

"मला काय ठावकी हाय?" आशालता म्हणाली.

"मामांनी सांगितलं असंल की. मामा आल्ते ना करंज्याला, मी गुजरातला जायच्या आधी. रंजितानं चाय केल्ती. पोरगा पाळण्यात व्हता." आणि मग त्या भाबड्या माणसाला उमगलं की आपण काय केलं. "मामा... तुमी बोलला नाय?"

आता सगळे गणूशेठकडे बघत होते. रस्त्यावरून दुधाचा टेम्पो गेला. गणूशेठनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"तुमी करंज्याला कवा गेल्ता?" मैनाबाईनं विचारलं. तिचा आवाज अगदी खाली आला होता. नवऱ्यानं तिच्यापासून काही लपवलं असेल, हे तिला पन्नास वर्षांत सुचलं नव्हतं.

"गेल्तो," गणूशेठ म्हणाला. "कुनी तरी सांगितलं म्हनून गेल्तो. बघितलं."

"आन मला बोलला, उरनला मिठाचं काम हाय?"

"मैने, ऐक तरी. मी त्याला बोललो, बाईला सोड आन घरी ये, मी कुनाला कळू देनार नाय. हा बोलला, पोराला कसं सोडू? मंग मी बोललो, मंग हितं जवळ तरी राहू नको. लांब जा. मला वाटलं, आज ना उद्या देव त्याला परत आनील. आला का नाय? बघा ना, आला का नाय?" तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "मी पांघरूण घातलं. लिहिलेलं नाय का? प्रीती पापांच्या राशी झाकते. मी जावयाचं पाप झाकलं, उघडं करून चव्हाट्यावर नाय टांगलं. चुकलं काय माझं?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तर गणूशेठचं विश्वासात येण्याआधीपासूनचं तत्त्वज्ञान. नंतर त्याला वचन सापडलं, एवढंच.

"बाबा," समृद्धी म्हणाली, "पाप झाकणं म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्यानं क्षमा करणं. क्षमा ताईंनी करायची होती. तुम्ही त्यांच्या वतीनं पांघरूण घातलंत, तेही त्यांनाच अंधारात ठेवून."

"समृद्धी, तू मध्ये बोलू नको," कुंदन खेकसला. पण त्याच्या आवाजात दम नव्हता. तो वडिलांकडे वळला. हा मुलगा उथळ होता, उत्साही होता, पण मनानं स्वच्छ होता, आणि त्याला आत्ता काहीतरी दिसायला लागलं होतं. "बाबा, जीवनदादा ताईला मागायला आला तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

गणूशेठनं ताट बाजूला सारलं.

"बाबा, तुम्ही त्याच्यासमोर शास्त्र उघडून बसला होता. मी होतो तिथे. तुम्ही म्हणालात, नवऱ्यानं बाहेर तोंड घातलं असतं तर गोष्ट वेगळी. तुमच्या तोंडचं वाक्य आहे. तेव्हा माहीत होतं?"

"तवा बोललो असतो तं दोन वर्षं का नाय बोललास, असं इचारलं असतं लोकांनी," गणूशेठ म्हणाला. "मी वडील व्हतो मंडळीचा. भावकी टपूनच बसलेली. पहिलंच लगीन आपलं..."

हे खरं होतं. एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. जीवनची मावशी पुढ्यात बसलेली असताना एक वाक्य त्याच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. ते त्यानं गिळलं, आणि त्यावर शास्त्राचं पान उलटलं. नंतर कित्येकदा आशी एकटी जेवताना दिसली की ते वाक्य घशाशी यायचं. पण जितकी वर्षं जात, तितकं ते जड होत होतं.

आशालता अजून दारातच उभी होती. ती रडत नव्हती. तिनं पास्टरना विचारलं, "पास्टर, हे मला तवा समजलं असतं तं?"

उदयसिंहांना ते उत्तर द्यायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. पण विचारणारी सरळ विचारत होती.

"ताई, प्रभूची शिकवण कडक आहे, ते खरं. देवाने जोडलेलं माणसाने मोडू नये, नवरा-बायको एकदेह आहेत, हे त्यानेच सांगितलं. पण तिथेच त्याने एक दार ठेवलंय. जोडीदाराने व्यभिचार केला, तर फसवल्या गेलेल्या माणसाला त्या नात्यात कोंडून घातलेलं नाही. काही पाळक ते दारही बंद मानतात. नवरा मरेपर्यंत दुसरं लग्न नाही, म्हणतात. मी मानत नाही. आणि मी ऐकलंय त्यावरून, तुमचे तेव्हाचे पास्टरही मानत नव्हते." ते थांबले. "कोर्टातून रीतसर फारकत घ्यावी लागली असती. पण मंडळीने अडवलं नसतं. तुम्ही मोकळ्या होता."

"कवापासून?"

"पोरगा पाळण्यात होता तेव्हापासून."

मैनाबाईनं चमचा टेबलावर आपटला. "शास्त्र नसतं आलं घरात तं बरं झालं असतं! माज्या सासूला पहिला नवरा मारायचा. पंचांसमोर काडी मोडली, आन दुसऱ्याशी पाट लावला. त्या पाटाचा ह्यो लेक!" तिनं गणूशेठकडे बोट केलं. "काडी मोडली नसती तं तुमी जन्माला नसता आला. त्या अडाण्यांनी तुमच्या आयला मोकळं केलं. आन तुमी तुमच्या पोरीला बांधून घातली, शास्त्र वाचून!"

"शास्त्राने नाही बांधलं, आई," उदयसिंह हळू म्हणाले.

"मंग कुनी बांधलं?"

त्याचं उत्तर सगळ्यांच्या समोर, टेबलाच्या टोकाला, मान खाली घालून बसलं होतं.

हरेश उठला. त्यानं खुर्ची मागं सारली. "मी जातो. माज्यामुळं घरात..."

"बस," आशालता म्हणाली. ती पहिल्यांदा आत आली आणि त्याच्या समोर उभी राहिली. "जेवून जा. आयनं पहाटे जाऊन मासा आनलाय. तू खरं बोललास, आन माज्याशी खरं बोलनारा या घरात तू पहिला हायेस. म्हनून तुला उपाशी नाय पाठवनार."

तो बसला.

"पन रविवारी मी उभी राहनार नाय, हरेश. तुज्यावर राग नाय. तुझा पोरगा असेल, त्याचं काय पाप? पन मी तुझी वाट बघत नव्हते. मी देवाचं ऐकत व्हते. मला वाटत व्हतं, देव बोलतोय, थांब. म्हनून थांबले. आता कळतंय, तो देव नव्हता." तिनं वडिलांकडे बघितलं नाही. "कुंदन, केकवाल्याला फोन कर."

कुंदननं मान डोलावली. मग तो उठला, बापाच्या शेजारची आपली खुर्ची ओढली आणि बहिणीच्या बाजूला येऊन बसला. मैनाबाई आधीच तिकडे होती. समृद्धीही. टेबलाच्या त्या टोकाला गणूशेठ एकटा राहिला. हरेशनं जिताड्याचं डोकं खाल्लं. रडत खाल्लं, पण खाल्लं. वाढणाऱ्या बाईचा मान त्यानं ठेवला. जाताना तो आशालतेला हात जोडून गेला.

पास्टर निघताना गणूशेठ दारापर्यंत गेला. "मी वडीलपद सोडतो," तो म्हणाला.

"ते सोपं आहे, बाबा," उदयसिंह म्हणाले. "तुम्ही आधी मुलीशी बोला."

उन्हं कलली तेव्हा आशालता गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. तिथून पूर्वी मिठागरं दिसायची, पांढरीशुभ्र; आता टॉवर दिसत होते आणि त्यांच्यामागून विमानतळाचे दिवे. गणूशेठ कठडा धरत धरत जिना चढून वर आला. त्याच्या गुडघ्यांना गच्ची झेपत नव्हती, महिनोन्महिने तो वर येत नसे. आज आला.

"आशे."

ती चादरीची घडी घालत राहिली.

"येत्या रविवारी मी मंडळीसमोर उभा राहनार हाय. सगळं सांगनार. करंज्याला गेल्तो ते, जीवनला फसवला ते. भावकीला बोलवू म्हनशील तं भावकीला बोलवतो. हसू दे. थुकू दे तोंडावर." त्याला धाप लागली होती. "पोरी, मला वाटलं मी तुझं लगीन वाचवतोय. खरं तं मी माझं नाक वाचवत व्हतो. तुझी सगळी उमेदीची वर्षं खाल्ली मी. बापानं खाल्ली. मला माफी मागायचं तोंड नाय."

"माफ केलंय, बाबा," आशालता म्हणाली. "करावंच लागतं. तेबी लिहिलेलं हाय." तिचा आवाज कोरडा होता, पण खोटा नव्हता. तिनं चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. म्हाताऱ्यानं ते धरलं. दोघांनी मिळून घडी घातली.

मग गणूशेठला वाटलं, एक गोष्ट अजून आपल्या हातात आहे, जी तेव्हा द्यायची राहिली ती आता तरी द्यावी. त्यानं धीर केला. "मी वकिलाकडं येतो तुज्यासंगं. रीतसर फारकत करू. पास्टर बोलले ते मी माझ्या तोंडानं बोलतो, बाप म्हनून. तू मोकळी हायेस, आशे. आजपासून तू मोकळी हायेस."

आशालतेनं घडी घातलेली चादर छातीशी धरली. इतका वेळ न आलेलं रडू आता तिला आलं, आणि ती तसंच रडत, लहानपणी काही समजलं नाही की त्याला विचारायची तसं विचारू लागली.

"आता मोकळी हून मी जाऊ कुनाकडं, बाबा? सांगा ना. कुनाकडं जाऊ?"